गाण्यातली पाल

काकाजींच्या शेतातल्या दोन खोल्यांची किल्ली माझ्याकडं आली, कारण तिथं त्यांच्यासोबत राहिलेलं माणूस म्हणून घरात मी एकटीच होते. गेल्या उन्हाळ्यात ते कारंज्याला आमच्या घरी वारले. शेत आता दुसऱ्याच्या नावावर व्हायचं होतं. "आत काय सामान हाय ते पाहून ये," बाबा म्हणाले. म्हणून पौषातल्या एका दुपारी मी कामरगावला जीपमधून उतरले आणि गाडीवाटेनं चालत शेताकडं निघाले.

कुलूप गंजलेलं होतं, पण उघडलं. आत पाऊल टाकलं आणि वास आला. उंदरांचा, जुन्या कागदाचा, आणि त्याखाली अगदी पुसट, रेडिओच्या तारांना डाग देताना जळणाऱ्या राळेचा. बारा वर्षं बंद असलेल्या खोलीत राळेचा वास राहतो का, मला माहीत नाही. मला आला.

कोपऱ्यात, पोत्याखाली झाकलेलं काकाजींचं अँप होतं, गाणी वाजवायचं अँप्लिफायर. पोतं मीच टाकलेलं. पोत्याची घडीसुद्धा तशीच होती. मी ते उचललं, बटणांवरची धूळ बोटानं पुसली आणि परत झाकून ठेवलं. विजेची लाईन केव्हाच तोडलेली होती. नसती तोडली तरी मी ते सुरू केलं नसतं.

मला स्वच्छ आवाजाची भीती वाटते. हे कुणाला सांगायची सोय नाही. पुण्यात नवऱ्यानं नवे स्पीकर घ्यायचे ठरवले तेव्हा दुकानातल्या माणसानं एक बासरी लावली आणि म्हणाला, ऐका मॅडम, मध्ये केसाएवढीही खरखर नाही. मी ऐकलं. खरोखरच नव्हती. मी पर्स उचलली आणि बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. रिक्षा, हॉर्न, पाणीपुरीवाल्याचा झारा. जरा बरं वाटलं.

काकाजींचं कारंज्याला बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं स्टुलावर बसून राहायची. बाहेर ऊन कडकडीत, आत पंख्याखाली लाल झालेली डाग द्यायची कांडी. राळेला ती टेकली की धुराची एक बारीक दोरी वर जायची आणि देवळात गेल्यासारखं वाटायचं. फळीवर उघडे पडलेले रेडिओ, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. आसेगावचा, मानोऱ्याचा, कुणा जैन शेठजींच्या पेढीवरचा. काकाजी रेडिओ उघडायच्या आधी नुसता ऐकायचे. डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून, डॉक्टरसारखे.

"बिमारी आवाजातच सांगते," ते म्हणायचे. "खरखर म्हंजे धूळ. टक म्हंजे बाहेरून कायतरी येऊन राह्यलं. आन् खाली बारीक घूं असली, तं लाईनचा करंट नको तिथं घुसेल हाय. घूं आयकू आली का कायलेच हात लावायचा नाई. आंधी मेन बंद."

मी हे पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. खरखर, टक, घूं.

मग रेडिओच उरले नाहीत. काकी आधीच गेलेल्या. काकाजींनी दुकान बंद केलं, तबकड्यांची पेटी, कॅसेटी आणि स्वतःच्या हातानं जोडलेलं अँप घेतलं आणि शेतातल्या या दोन खोल्यांत येऊन राहिले. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांच्याकडं राहायला आले. कॉलेज कारंज्याला, रोजचं जीपनं येणंजाणं. आई म्हणाली होती, त्यांच्या पोटात वेळेवर दोन घास जातील. खरं तर जेवायला मलाच तिथं वेळेवर मिळालं.

दिवसाचे दोन वेळ गाण्याचे होते. पहाट उजळताना एक तबकडी, आणि दिवेलागणीला दुसरी. एक स्पीकर आत आणि एक बाहेर ओट्यावर, लांब वायर टाकून. समोर आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तिच्यापलीकडं धुरा, म्हणजे बांध, धुऱ्यापलीकडं नामदेवभाऊंचं शेत. त्यांचं घरही शेतातच, विहिरीजवळ. आमच्या ओट्यापासून शंभरेक पावलं.

त्या शंभर पावलांवरून वत्सलावहिनी यायच्या.

त्या नामदेवभाऊंच्या बायको. माहेर आसेगावचं, वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सासरी कुणाला सुराचं वेड नव्हतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा विरजण मागायला आल्या होत्या आणि वाटी हातात धरून पूर्ण तबकडी संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. पुढं विरजणाचं निमित्तही राहिलं नाही. सुपात तूर घेऊन यायच्या, ओट्याच्या पायरीवर बसायच्या, पाखडता पाखडता ऐकायच्या. रागांची नावं त्यांना नको होती. "ते पान्यावानी चालते ते लावा न, काकाजी," म्हणायच्या. किंवा, "कालचं ते रडकं नको आज, मले कपडे धुवाचे हायेत." काकाजी बरोबर तीच तबकडी काढायचे.

थंडीत त्यांचं एक काम मला फार आवडायचं. पहाटे हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते, दवासारखी, पण आंबट. वहिनी पांढरं धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून हळू फिरवायच्या, जड झालं की पितळीत पिळायच्या. ती आंब बाटलीत भरून काकाजींच्या पोटदुखीसाठी आणायच्या. बोटं गारठून निळसर झालेली असायची. ती बोटं वहिनी अँपच्या तापलेल्या जाळीवर शेकायच्या. "तुमचं गाणं ऊन बी देते बापा," म्हणायच्या.

त्या हिवाळ्यात गाण्यात पाल शिरली.

पाल हा शब्द वहिनींचा. संध्याकाळी सतारीची तबकडी लावलेली, आणि सुरांच्या मधल्या जागेत आवाज आला. टक. थोडं थांबून, टक. वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि जमिनीवर बोटानं तीनदा टिचकी मारली, पाल चुकचुकली की मारतात तशी.

"पाल बोलून राह्यली," त्या म्हणाल्या.

"पाल नाई, तबकडीवर चरा असन," काकाजी म्हणाले.

त्यांनी घड्याळ समोर धरलं. चरा असेल तर तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजेल. हा आवाज फेऱ्याशी जुळत नव्हता. त्याची स्वतःची चाल होती, सेकंदाहून किंचित मोठी. त्यांनी तबकडी बदलली. टक. सुई बदलली. टक. कॅसेट लावली, तिला ना सुई ना चरा, तिच्यातही टक.

"तं आता आतून पाहा लागन," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कित्येक वर्षांनी दुकानातलं ऊन दिसलं.

आठवडाभर आमचं तेच चाललं. त्यांनी अँप उघडलं, आवाजाच्या बटणातली धूळ स्पिरिटनं धुतली, प्रत्येक जोड पुन्हा डागला. स्पीकरच्या पेटीत खरंच पालीची दोन अंडी निघाली. वहिनींनी विजयानं आमच्याकडं पाहिलं. अंडी बाहेर ठेवली, टक राहिली. मग घरातलं एकेक बंद केलं. ट्यूबलाईट, फ्रिज, मोबाईलचं चार्जर. शेवटी मेनच पाडलं आणि अँप ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवलं. घर पूर्ण अंधारात, दिवा फक्त डायलचा, आणि त्या अंधारात सतार आणि तिच्यामागं चालणारं ते काहीतरी. टक. टक. कुणीतरी बाहेर उभं राहून दारावर नखानं वाजवावं आणि दार उघडायची घाई नसावी, तसं.

"दुपारी येत नाई हे," मी एकदा म्हटलं. कॉलेजला सुट्टी होती, दुपारी मी कॅसेट लावली होती.

काकाजींनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हनली?"

"दिवसा येत नाई. सांजेपासून सकाळलोक येते."

ते उठले, पेटीतून हाताएवढा ट्रान्झिस्टर काढला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणला आणि आवाज वाढवला. खरखर, आणि खरखरीत टक. मग तो ट्रान्झिस्टर छातीशी धरून ते अंगणात उतरले. मी मागं. घराकडं तोंड केलं की आवाज बारीक, धुऱ्याकडं केलं की मोठा. पऱ्हाटीतून आम्ही दोघं त्या आवाजाच्या मागं चालत गेलो. धुऱ्यावर पोचलो तेव्हा टक इतकी मोठी झाली की खरखर ऐकूच येईना.

समोर नवी तार होती. तीन पदरी, बांबूच्या खुंट्यांवर ताणलेली, हरभरा आणि तुरीच्या भोवती. विहिरीजवळ खांबाला एक पेटी, वर सौर पाटी, पेटीवर लुकलुकणारा लाल दिवा. दिवा लुकलुकला की टक.

नामदेवभाऊ आम्हाला बघून आले. "काय झालं काकाजी?"

"तुह्या तारेनं माह्या गाण्यात घर केलं, नामदेव."

नामदेवभाऊंना काही कळेना. काकाजींनी ट्रान्झिस्टर त्यांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले आणि हसले. झटका मशीन तेव्हा आमच्याकडं नवीनच आली होती. रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, सगळ्या शिवाराला जेरीस आणलं होतं. एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं करून जायचे. मशीन सेकंदा-सेकंदाला तारेत एक झटका सोडतं. जनावर बिचकून पळतं, मरत नाही. माणसाला लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, बस.

"तार जिथं जिथं गवताले लागते तिथं थिनगी पडते," काकाजी म्हणाले. "थेच आमाले आयकू येते. गवत काप, जोड घट्ट कर, आन् त्या अर्थिंगच्या खुटीवर रोज बकेटभर पानी टाक."

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनींनी तारेखालचं गवत कापलं. मशीन बंद आहे का हे वहिनी कसं ओळखतात ते त्यांनी मला तेव्हा दाखवलं. "हे पाय, लाल दिवा नाई आन् टकटक नाई. मंग तार मेलेली. तवा उचलाची आन् खालून जाची." त्यांनी तार हातानं वर उचलली, खाली वाकल्या आणि पलीकडं निघाल्या. पदर सावरला. मीही तशीच गेले. कापलेल्या गवताचा कच्चा वास, तुरीच्या फुलांचा गोडसर, आणि त्यांच्या लुगड्याला लागलेली हरभऱ्याची आंब. त्या दिवशी आम्ही दहा वेळा त्या तारेखालून गेलो-आलो असू.

टक कमी झाली. गेली नाही. गाण्याच्या तळाशी, कान देऊन ऐकलं तर असायची. काकाजींनी तिच्याशी जुळवून घेतलं. मी मात्र नाही. मला ती राहून राहून टोचायची. मी वहिनींना म्हणायची, "एक दिवस बिलकूल साफ आयकू यावं, एवढंच."

"येईन न," त्या म्हणायच्या. "हरभरा निंगाला का तार निंगन."

आता खोलीतून मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. पायरी तीच. स्पीकरची वायर कधीच कुणी ओढून नेली होती. भिंतीला तिचे खिळे राहिले होते. समोर आमच्या शेतात अर्ध्या वाट्यानं कसणाऱ्या बटईवाल्यानं पेरलेला हरभरा घाट्यांना आला होता. धुऱ्यापलीकडं तूर. उन्हं कलायला लागली होती.

त्याच हिवाळ्यात काकाजी मोतीबिंदू काढायला अकोल्याला गेले. दोन रात्री माझ्या आत्याकडं राहणार होते. मला एकटीला भीती वाटू नये म्हणून वहिनी म्हणाल्या, "मी सकाळी येत जाईन, तू गाणं लावजो." त्या दिवसांत आभाळ भरून आलं होतं, अवकाळी. तीन दिवस ऊन नाही. सौर पाटी नुसती आभाळ बघत होती. बॅटरी उतरली, हे मला नंतर कळलं. मशीन बंद पडलं, डुकरांचा कळप पहिल्याच रात्री शिरला, आणि दुसऱ्या दिवशी सांज पडता नामदेवभाऊंनी विजेच्या खांबावरच्या लाईनीवर आकडा टाकून ती सरळ तारेला जोडली. फक्त तेवढ्या रात्रीपुरती. घरी बोलले नाहीत. वहिनींनी करू दिलं नसतं म्हणून.

पहाटे मी उठले. धुकं होतं. चुलीवर पाणी ठेवलं, अँप सुरू केलं, काकाजींच्या पेटीतली भैरवाची तबकडी काढली. बाईचा आवाज, संथ, एका सुरावर खूप वेळ उभा राहणारा. वहिनींना ती फार आवडायची. सुई टेकवली.

टक नव्हती.

मी वाट पाहिली. बाईनं पहिला सूर लावला, सोडला. मधली जागा रिकामी गेली. पुन्हा सूर, पुन्हा रिकामी जागा. कितीतरी दिवसांनी त्या जागांत फक्त शांतता होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. वहिनींना ऐकू जायला हवं म्हणून बाहेरच्या स्पीकरचा आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. बाईचा सूर धुक्यातून, पऱ्हाटीवरून पलीकडं गेला.

आणि तळाशी काहीतरी होतं. मी आज सांगू शकते की होतं. घूंऽ, अगदी बारीक, बंद माठात माशी फिरावी तशी. मला ते ऐकू आलं. ऐकू आलं आणि मी म्हटलं, असेल.

चहाचा कप घेऊन ओट्यावर आले. धुक्यात धुऱ्याकडं काही हललं, पांढरं फडकं खांद्यावर टाकलेलं. वहिनीच. आंब धरून येत होत्या. मशीनचा लाल दिवा नाही, टकटक नाही. त्यांनी रोजच्यासारखाच हात पुढं केला असणार.

ओट्यावरचा दिवा एकदा मिचकला. बाईचा सूर क्षणभर खाली बसला आणि पुन्हा वर आला. लाईन कमी-जास्त होते आमच्याकडं. मी चहा पिऊ लागले.

मग नामदेवभाऊंचा आवाज आला. त्यांनी वहिनींचं नाव घेतलं. एकदाच. बायकोचं नाव घेऊन हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तुरीतून ते खांबाकडं धावताना दिसले, हातात लांब बांबू. बांबूनं त्यांनी आकडा ओढला.

त्या क्षणी घूं थांबली. तेव्हा मला नक्की कळलं की ती होती. गाणं एकदम उजळलं, काच पुसल्यासारखं. इतका स्वच्छ सूर मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. त्या सुरात मी पऱ्हाटीतून पळत होते, बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडत होते. आणि मागं ती बाई गातच होती. तबकडी संपेपर्यंत गातच राहिली, कारण ती बंद करायला घरात कुणी नव्हतं.

बाटली फुटली नव्हती. वहिनींच्या बाजूला, गवतात, आंबेनं भरलेली तशीच आडवी पडली होती.

नंतरचं सगळं मला तुकड्यांत आठवतं. गावातली माणसं. पोलीस. नामदेवभाऊ विहिरीच्या काठावर बसलेले, दोन्ही तळवे मांडीवर उताणे. त्यांची सात वर्षांची मुलगी मावशीकडून आणली तेव्हा तिच्या हातात अर्धा बिस्किटाचा पुडा होता. मग कोर्ट, मग तुरुंग. ते सगळं मोठ्यांनी केलं, मी ते कानांवरून जाऊ दिलं.

काकाजी चौथ्या दिवशी आले. डोळ्यावर हिरवं फडकं. कुणाशी बोलले नाहीत. अँपजवळ बसले, त्याच्या जाळीवर हात ठेवला आणि मला विचारलं,

"त्या दिशी आवाज कसा होता?"

"साफ होता."

"टक नोती?"

"नाई."

मान एका बाजूला कलली, दुकानात कलायची तशी.

"खाली घूं होती काय, पोरी?"

"नाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते उघड्या राहिलेल्या एका डोळ्यावरून मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. महिन्याभरात ते कारंज्याला आमच्या घरी राहायला आले. शेत बटईनं दिलं. अँप मी पोत्यानं झाकलं. घरी ते बातम्यासुद्धा आवाज बंद करून बघायचे. मी पुण्याला जाईपर्यंत आम्ही एका छताखाली जेवलो, आणि माझ्या लग्नात वाजंत्री वाजायला लागली तेव्हा ते मांडवाच्या मागं जाऊन उभे राहिले. मला वाटलं होतं, एकदा सांगेन. त्यांच्या शेवटच्या आजारात मी पुण्याहून आले, त्यांच्या उशाशी बसले, आणि तेव्हाही त्यांना विचारलं ते एवढंच की पाणी देऊ का.

"ताई हाय काय?"

मी वर पाहिलं. धुऱ्याच्या पलीकडं नामदेवभाऊ उभे होते. केस पूर्ण पांढरे. हातात ओल्या हरभऱ्याची जुडी. ते तिथंच राहतात, हे मला माहीत होतं. मुलगी रिठदला दिली आहे, हेही. पण मी त्यांना बारा वर्षांत भेटले नव्हते. मला उठता येईना, आणि बसून राहणंही जमेना. शेवटी धुऱ्यापर्यंत गेले. मध्ये तार होती, तीन पदरी.

"मेलेली हाय," ते म्हणाले. "सांजेले लावतो. पन तू नको येऊ खालून. मीच तिकडून येतो."

फाटक बरंच लांब होतं. ते सगळ्या शेताला वळसा घालून आले. आम्ही धुऱ्यावर, बाभळीच्या बुंध्याशी बसलो. त्यांनी हरभऱ्याची जुडी माझ्या पुढ्यात ठेवली.

"काकाजी गेले म्हनते."

"हो. उन्हाळ्यात."

"मले मातीले यायचं होतं. नाई आलो." घाटा सोलून त्यांनी दाणा हातातच ठेवला. "एक गोठ हाय ताई. कोर्टात नाई सांगतली. पोरीले नाई सांगतली. काकाजीले सांगाची होती."

मी त्यांच्या बोटांतल्या दाण्याकडं पाहिलं.

"त्या दिशी मी आकडा काढाले निंगालो होतो. उजाडाच्या आंधी काढाचा हे मले मालूम होतं. बांबू हातातच होता. विहिरीपाशी आलो आन् तुमचं गाणं सुरू झालं." ते समोरच्या तुरीकडं बघत होते. "मले गाण्यातलं काई समजत नाई. वत्सी सांगे, आयका, आयका, मी कधी आयकलं नाई. पन त्या दिशी काय झालं, इतलं साफ आयकू आलं. असं वाटलं का बाजूले बसून कोनी म्हनून राह्यलं. मी बसलो. दगडावर. दोन मिनिटं म्हंतलं आयकावं, वत्सी काय आयकते एवढं ते पाहावं. तुरीमुळं ते येतानी दिसली नाई." त्यांनी दाणा खाली टाकला. "दोन मिनिटं बसलो, ताई. तेवढंच."

मी त्यांना काय सांगायचं ते ठरवून आले नव्हते. मी काही सांगायला आलेच नव्हते. पण तोंडातून आलं.

"आवाज मी वाढवला होता, भाऊ."

ते माझ्याकडं वळले.

"टक गेली म्हणून. वहिनींले आयकू जावं म्हणून. आन् खाली घूं होती. मले आयकू आली होती. काकाजींनी विचारलं तं मी नाई म्हंतलं."

ते हळू म्हणाले, "म्हनून तितलं साफ आयकू येत होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावतील असं वाटलं होतं, किंवा रडतील. त्यांनी जुडीतला एक डहाळा उचलला आणि माझ्या हातात दिला. पानांना आंब नव्हती, दिवसभराच्या उन्हानं वाळली होती. मी एक घाटा सोलला. आम्ही दोघांनी ते हिरवे दाणे शांतपणे खाल्ले, एकेक करून, सगळी जुडी संपेपर्यंत.

सूर्य तुरीच्या शेंड्यांवर टेकला तसे ते उठले. "लावा लागते आता. डुकरं लवकर येतात थंडीचे."

"जा," मी म्हटलं.

ते पुन्हा वळसा घालून गेले. विहिरीजवळच्या खांबापाशी पोचले, पण हात लगेच पेटीकडं नेला नाही. आधी गावाच्या दिशेला तोंड केलं, तळहात तोंडाशी धरला आणि हाक दिली, "तार लावून राह्यलो होऽ." थांबले. मग मागच्या रस्त्याकडं वळले आणि तीच हाक. तिकडून शेरड्या घेऊन जाणाऱ्या एका बाईनं हात वर केला, रोजचंच असावं. तिसरी हाक त्यांनी काकाजींच्या खोल्यांकडं तोंड करून दिली. तिकडं बारा वर्षं कुणी राहत नव्हतं.

मी धुऱ्यावरच उभी होते.

"ओऽ," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले, तोंडाजवळ धरलेला हात खाली न घेता.